ब्राऊन ब्रेड, बटाटा आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : दोन वर्षांपासून मी फक्त ब्राऊन ब्रेड खाते. मैत्रीण म्हणते, तोही मैद्याचाच असतो. हे खरं आहे का? मग ब्रेड निवडायचा कसा?

मैत्रिणीची शंका रास्त आहे. तपकिरी रंग कॅरमेल घालूनही आणता येतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका. ‘मल्टीग्रेन’ या शब्दावरही नको. त्याचा अर्थ एवढाच की त्यात एकाहून अधिक धान्यं आहेत. ती अख्खी आहेत की कोंडा काढलेली, हे त्यातून कळत नाही.

गव्हाच्या दाण्याचा साधारण ८३ टक्के भाग पिठूळ गर असतो, १४-१५ टक्के कोंडा आणि दोन-तीन टक्के अंकुर. मैद्यात मुख्यतः गरच उरतो. तंतुमय पदार्थ, लोह, मॅग्नेशियम, ब गटातली जीवनसत्त्वं यांचा मोठा वाटा कोंड्यात आणि अंकुरात असतो, म्हणजे नेमका बाजूला काढलेल्या भागात.

म्हणून पाकीट उलटं करा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, तो यादीत पहिला येतो. तिथे अख्ख्या गव्हाचं पीठ हवं. नुसतं मोघम ‘गव्हाचं पीठ’ लिहिलं असेल, तर तो मैदा असू शकतो. मग पोषणतक्ता पाहा. दर १० ग्रॅम कर्बोदकांमागे निदान १ ग्रॅम फायबर असावं. १०० ग्रॅम ब्रेडमध्ये ४५ ग्रॅम कर्बोदकं आणि ७ ग्रॅम फायबर असेल तर निवड चांगली. ५० ग्रॅमला २ ग्रॅमच असेल, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, ठेवून द्या.

जाता जाता मिठाचा आकडाही बघा. ब्रेड खारट लागत नाही, म्हणून तिकडे लक्षच जात नाही. १०० ग्रॅममागे १ ग्रॅम मीठ असेल, तर चार जाड स्लाइसमधून दीड ग्रॅम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आहे. तक्त्यात फक्त सोडियम दिलं असेल तर त्याला अडीचने गुणा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. होलव्हीट ब्रेड खाऊनही साखर वाढतेच. माझं काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही, आणि हा प्रश्न विचारलात याचा मला आनंद आहे. अन्नामुळे रक्तातली साखर किती वेगाने चढते, ते मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. ग्लुकोजला १०० धरलं तर पांढऱ्या ब्रेडचा आकडा सरासरी ७५ येतो आणि होलव्हीटचा ७४! कोंडा असला तरी पीठ बारीक दळलेलं असतं, त्यामुळे स्टार्च पटकन पचतो. दाणा जितका शाबूत, तितकी साखर सावकाश चढते. शिजवलेल्या अख्ख्या बार्लीचा आकडा तिशीच्या आत राहतो, मसूर आणि छोल्यांचाही तिशीच्या आसपासच. ओट्सचंही तसंच. जाड ओट्स निवडा. झटपट शिजणारे साखर भराभर वाढवतात.

ब्रेड खायचाच असेल तर दाणे डोळ्यांना दिसतील असा, जड वीण असलेला घ्या. एखादा स्लाइस कमी करा आणि आधी भाजी, अंडं किंवा कडधान्य खा, ब्रेड शेवटी. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहा. तुमच्या शरीराचं उत्तर कोणत्याही तक्त्यापेक्षा मोलाचं आहे. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कर्बोदकं एकदम कमी करू नका. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

प्रश्न : कर्बोदकं पूर्ण बंद केली आणि दहा दिवसांत ३ किलो उतरले. पुन्हा खायला लागताच वजन परत आलं. कायमचीच बंद करू का?

नको. यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. तो साठा संपला की पाणीही जातं. उतरलेल्या वजनात बराच वाटा या पाण्याचा होता, म्हणून ते इतक्या लवकर परत आलं. तुम्ही कमी पडलात असं मुळीच समजू नका.

कमी करायची ती गोड पेयं, बिस्किटं आणि मैद्याचे पदार्थ. ताटाचा पाव भाग अख्खं धान्य किंवा सालासकट उकडलेला बटाटा, अर्धा भाग भाज्या आणि फळं, उरलेल्यात प्रथिनं, असं बसवून पाहा. बटाट्याला लोक उगाच भितात. तळला की तो बदनाम होतो, उकडलेला चांगलं पोट भरतो. दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर हवं, पण ते हळूहळू वाढवा आणि पाणीही वाढवा, नाहीतर पोट फुगेल.

प्रश्न : ग्लुटेन-फ्री ब्रेड सगळ्यांसाठीच चांगला का?

नाही. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन. ते ज्यांच्या आतड्याला इजा करतं, त्या सीलिअॅक आजार असणाऱ्यांना हा ब्रेड अत्यावश्यक आहे. इतरांना त्यातून खास फायदा नाही, आणि बऱ्याचदा त्यात फायबरही कमी असतं. पोटाची तक्रार असेल तर गहू सोडण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. आधीच सोडलात तर तपासणीत आजार लपून राहू शकतो. नैसर्गिक विरजणाने आंबवलेला सावरडो ब्रेडही ग्लुटेन-फ्री नसतो.

प्रश्न : चांगला ब्रेड मोठा मिळतो आणि संपत नाही. फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिजमध्ये तो लवकर शिळा आणि कडक होतो. स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसा काढून टोस्ट करा. बुरशी दिसली तर तेवढाच कोपरा कापून उरलेला खाऊ नका. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून बरेच आत गेलेले असतात.