ठणकतंय कानशील, गाठ मात्र खांद्यात

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची, बँकेत काउंटरला असते. दोन महिने झाले उजवं कानशील ठणकतंय, चष्म्याचा नंबर तपासला, बीपी पण नॉर्मल, रोज गोळी घेऊन दिवस ढकलतेय. नक्की काय बिघडलंय?

उत्तर : एक करून बघा, डावा हात उजव्या खांद्यावर न्या आणि मान नि खांद्याच्या मधला मांसल भाग चिमटीत धरून हळूहळू दाबत जा, तिथे वाटाण्याएवढी कडक गाठ लागली आणि दाबल्यावर तीच ओळखीची कळ मानेवरून कानामागे, कानशिलापर्यंत गेली, तर मूळ ट्रॅपिझियस नावाच्या स्नायूत असण्याची शक्यता खूप आहे. अशा गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी कुठल्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशेच काढून ठेवलेत.

खांदा तासन्‌तास उचललेला राहिला की स्नायूचा तो पट्टा सैल पडतच नाही. फोन कान-खांद्यात दाबून बोलता का? पर्स कायम उजवीकडेच? हे आधी बंद करा. १५ मिनिटं गरम शेक, मग मान डावीकडे झुकवून ३० सेकंद हलका ताण, दिवसातून तीन-चारदा. जोरात रगडून मालिश नकोच, त्याने दुसऱ्या दिवशी मान आणखी आखडते.

मला खरी काळजी रोजच्या गोळीची वाटते, कारण महिन्यातले १५ दिवस पेनकिलर घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना हे नक्की सांगा. हाताला मुंग्या, पकड ढिली किंवा ताप असेल तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.