सिनेमा संपला आणि हे बोलेचनात

"ताई, सिनेमा बघितल्यापासून हे धड बोलत नाहीत. आणि परवा मी त्यांचा मोबाईल बघितला. फेसबुकवर एका बाईचं नाव शोधलंय."

पन्नाशी ओलांडलेल्या बाई. नवरा बँकेतून निवृत्त, मुलगी बंगळुरूला नोकरीला. (दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ही काळजी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला फार जण येतात. जोडीदाराला जुनं माणूस आठवतंय, मग आपण इतकी वर्षं केला तो संसार काय होता?

सिनेमा होता अमेरिकन दिग्दर्शक जिम जारमुशचा 'ब्रोकन फ्लॉवर्स', 2005 सालचा. मुलगी सुट्टीला आली होती, तिने लावला. पुढच्या भेटीआधी मीही तो पाहिला. डॉन नावाचा एक उतारवयाकडे झुकलेला माणूस, पैसा भरपूर, सोबतची बाई नुकतीच सोडून गेलेली. त्याला गुलाबी कागदावर टाइप केलेलं निनावी पत्र येतं: तुझ्यापासून झालेला माझा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, तो बहुतेक तुला शोधायला बाहेर पडलाय. शेजाऱ्याला गुप्तहेरीचा नाद. तो डॉनला जुन्या प्रेयसींची यादी करायला लावतो, प्रवासाचं सगळं ठरवून देतो. मग हा माणूस गुलाबी फुलं घेऊन एकेकीच्या दाराशी जातो. एक जण प्रेमाने घरात घेते. दुसरीकडे तिच्या नवऱ्यासोबत जेवताना तिघांनाही काय बोलावं सुचत नाही. एका ठिकाणी तर मार बसतो. पाचवी वारलेली असते. तिच्या थडग्यापाशी तो पावसात झाडाला टेकून बसून राहतो. पत्र कुणी पाठवलं, मुलगा कोणता, हे शेवटपर्यंत कळत नाही. डॉन रस्त्यात उभा आणि सिनेमा संपतो.

फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात या सिनेमाला ग्रां प्री हा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार मिळाला. तरी तो पाहून चिडणारेही कमी नाहीत, आणि त्यांची चीड मला समजते. दीड-पावणेदोन तास एक प्रश्न घेऊन बसवायचं आणि उत्तर द्यायचं नाही! या घरातही तेच झालं. मुलगी म्हणाली, "काय सुंदर आहे!" बाई म्हणाल्या, "अगं, पण मुलगा कुणाचा?" नवरा काही न बोलता उठून गॅलरीत गेला.

तिथून पुढे बाईंनी त्या शांततेत आपली भीती भरायला सुरुवात केली. लग्नाआधी कोल्हापुरात शिकताना यांचं कुणावर तरी प्रेम होतं, एवढं त्यांना लग्नानंतर वर्षभरातच सांगितलं गेलं होतं. तीस वर्षं तो विषय निघाला नव्हता. आता फेसबुकवरचं नाव बघून त्यांनी थेट सांगून टाकलं, "तिचा विचारसुद्धा करायचा नाही." असं बजावून कुणाचा विचार थांबत नसतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात लोकांना सांगितलं होतं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि मनात आलंच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली.

मी इथे एक चूक केली, ती सांगायला हवी. बाईंचं ऐकून मीही धरूनच चालले की नवऱ्याला त्या बाईला पुन्हा भेटायची ओढ लागली आहे. ते एकटे भेटायला आले तेव्हा माझा पहिला प्रश्न त्याच दिशेचा होता, आणि ते मिटूनच गेले. बराच वेळ गेल्यावर मी वेगळं विचारलं, "सिनेमात तुम्ही कुठे थांबलात?"

"थडग्यापाशी," ते म्हणाले.

कोल्हापुरातली ती 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. वर्गमित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला, खाली चाळीसेक हात जोडलेले. यांनीही हात जोडले, मोबाईल खिशात ठेवला आणि भाजी आणायला गेले. फेसबुकवर शोधलं ते तिचं जुनं खातं अजून आहे का, हे बघायला. "मी कोण लागतो तिचा?" ते म्हणाले. "सुतक नाही, दहावा नाही. कुणाच्या दारात भेटायला जायचं? आणि घरी सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?"

शोकाचा अभ्यास करणारे अमेरिकेतले केनेथ डोका यांनी 1989 मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं. समाज ज्याला दुःख करायचा हक्कच देत नाही, असं दुःख. जुनी प्रेयसी, घटस्फोटानंतरचा जोडीदार, पोटातच गेलेलं बाळ. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या तेरा दिवसांना एक घडी असते. कोण येतं, कोण पिठलं-भात आणून देतं, कोण जवळ बसून रडतं, सगळं ठरलेलं असतं. पण ती घडी नात्याच्या नावावर चालते. ज्या नात्याला नावच नाही, त्याचा माणूस त्या घराबाहेरच उभा राहतो. मला हे फार लागतं, कारण माझ्याकडे अशी माणसं चिडचिड, झोप, नाहीतर अबोला घेऊन येतात, आणि खरं काय झालंय याचा कुणालाच पत्ता नसतो.

आठवण येणं म्हणजे जोडीदाराशी प्रतारणा, असं मी मानत नाही. मोबाईल लपवणं, चोरून बोलणं, खोटं सांगून भेटणं सुरू असेल तर गोष्ट वेगळी आणि ती तशीच स्पष्ट बोलावी लागते. पण नुसती शांतता असेल, तर "अजून तिच्यावर प्रेम आहे का?" हा प्रश्न आधी विचारू नये. त्याला हो म्हणा, नाही म्हणा, दोन्हीकडून जखमच होते. "कुठे थांबलात?" एवढं विचारून बघावं, आणि उत्तराला वेळ द्यावा.

तिसऱ्या भेटीत त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं बाईंना हायसं वाटेल. त्या रागावल्या. "एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपून तुम्ही हे गिळत होतात? मला सांगितलं असतं तर मी काय तुम्हाला खाल्लं असतं?" मग रडल्या. आपला धाक वाटावा इतक्या आपण परक्या आहोत का, हे त्यांचं दुःख होतं, आणि त्यावर आम्ही पुढच्या दोन भेटी घालवल्या. ते काम सोपं नव्हतं, पुरतं झालंय असंही नाही.

त्या गेलेल्या मैत्रिणीचा भाऊ यांचा वर्गमित्र. कोल्हापूरलाच असतो. त्याला एकदा भेटून यावं असं यांच्या मनात होतं, बोलायचं धाडस होत नव्हतं. शेवटी बाईंनीच विषय काढला.

"मी येते कोल्हापूरपर्यंत," त्या म्हणाल्या. "त्या घरी नाही येणार, ते मला जमायचं नाही. मी रंकाळ्यावर बसते. तुम्ही जाऊन या, घाई करू नका."