मी टॅबवर डिलीट केलं, ह्यांच्या फोनमधून गेलं

क्लाउड, सिंक (सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर तेच दिसणं) आणि बॅकअपच्या तक्रारी पाठवा असं गेल्या वेळी म्हटलं होतं, तर पत्रं एवढी आली की निवड करताना दमछाक झाली. नाशिकच्या सिडकोपासून दिंडोरीपर्यंत, आणि निम्म्या पत्रांत एक वाक्य हमखास आहे: "मुलाने सेट करून दिलंय". चला, सुरुवात करू.

प्रश्न: आमच्याकडे दोन फोन आणि एक टॅब. मुलगा पुण्याला असतो, दिवाळीला आला की सगळं सेट करून जातो. तिन्हीवर त्याने ह्यांचाच जीमेल टाकलाय, म्हणे आई तुला पासवर्ड लक्षात राहणार नाही. परवा टॅब जागा नाही जागा नाही करत होता म्हणून मी दुपारी बसून शुभ सकाळची फुलं, सुविचार वगैरे सगळं उडवलं, त्यात भाचीच्या साखरपुड्याचे फोटो पण गेले, आणि गेले ते ह्यांच्या फोनमधून! त्यांच्या फोनला मी हातसुद्धा लावला नव्हता. वर माझ्या भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांचे नंबर ह्यांच्या फोनमधे, आणि आम्ही दोघांनी 'ताई' असंच सेव्ह केलंय म्हणून हे माझ्या ताईला स्वतःची ताई समजून फोन लावतात. रोजची कटकट झालीय.
— गृहिणी, इंदिरानगर

उत्तर: आधी फोटो, मग कटकट. गूगल फोटोजमधे जा, तिथे ट्रॅश आहे, काही फोनवर त्याला बिन लिहिलेलं असतं. बॅकअप झालेले फोटो डिलीट केले की ६० दिवस तिथे पडून असतात आणि बॅकअप न झालेले ३० दिवस. त्यातून साखरपुडा शोधा, निवडा, रिस्टोअर दाबा, ह्यांच्या फोनमधेही परत येतील. फक्त जागा होत नाही म्हणून ट्रॅश रिकामा करू नका, तो एकदा रिकामा केला की मग कोणी काही करू शकत नाही.

आता हे झालं कसं ते सांगतो. तिन्हीवर एकच अकाउंट म्हणजे एकाच विहिरीवर तीन मोटारी, पाणी कुठूनही उपसा, विहीर तीच. टॅबवर तुम्हाला जे फोटो दिसत होते त्यातले कितीतरी टॅबमधे नव्हतेच, ते अकाउंटमधे होते आणि टॅब नुसते दाखवत होता. म्हणजे तुम्ही ते उडवले तरी टॅबची जागा काही फार रिकामी झाली नसणार, आणि फोटो मात्र सगळीकडून गेले. आणि शुभ सकाळच्या नादात साखरपुडा कसा गेला तेही सांगतो, एक फोटो दाबून धरला की प्रत्येक तारखेपुढे एक छोटा गोल येतो, त्या गोलावर बोट पडलं की त्या दिवसाचे झाडून सगळे फोटो निवडले जातात. साखरपुड्याच्या दिवशी ग्रुपवर चाळीस फुलं आली असतील, त्यांच्याबरोबर नवरानवरीही गेले.

टॅबची जागा रिकामी करायची तर डिलीट नाही, 'फ्री अप स्पेस' वापरायचं. ते फक्त ज्याचा बॅकअप झालाय तेवढंच टॅबवरून काढतं, अकाउंटमधलं तसंच ठेवतं. आणि मुळात ती फुलं अकाउंटमधे जातातच कशाला? बॅकअपच्या सेटिंगमधे फोनमधल्या फोल्डरची यादी असते, तिथे व्हॉट्सॲप इमेजेसचं बटण चालू असणार, ते बंद करा. मग ग्रुपवरचा ज्याचा फोटो खरंच हवाय तेवढाच हाताने ठेवायचा.

पण खरं औषध एकच आहे, तुमचं स्वतःचं अकाउंट काढा. मुलगा काही म्हणो. पासवर्ड लक्षात राहत नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवा, नाशिकमधल्या तुमच्या कपाटात शिरून कोणी हॅकर ती वही वाचणार नाहीये, उलट सगळ्या घराचं सगळं एका जीमेलवर असणं आणि त्याचा पासवर्ड फक्त पुण्याला असणं हे जास्त धोक्याचं. नवीन अकाउंटला रिकव्हरी नंबर मात्र तुमचाच द्या, मुलाचा नको, नाहीतर कोड त्याच्याकडे येणार आणि तो मीटिंगमधे असणार.

तुमच्या फोनवर नवीन अकाउंट टाका, आणि जुनं काढायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, ह्यांच्या फोटोजमधून पार्टनर शेअरिंग चालू करून तुम्हाला पार्टनर करा, पार्टनर एकच करता येतो आणि अमुक तारखेपासूनचेच फोटो असंही ठरवता येतं. तुमच्या बाजूला आलेले फोटो सेव्ह करून घ्यायला विसरू नका, कारण सेव्ह केले तरच ते तुमचे, मग ह्यांनी उडवले तरी तुमच्याकडे राहतात. दोन, नंबर. कॉम्प्युटरवर गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून भजनी मंडळ आणि माहेरची मंडळी निवडा, एक्स्पोर्ट करा, ती फाइल तुमच्या नव्या अकाउंटमधे इम्पोर्ट करा, तिथे सगळे आले हे डोळ्यांनी बघा आणि मगच ह्यांच्यातून काढा. काही घोळ झालाच तर तिथेच बदल मागे घ्यायची सोय आहे, ३० दिवसांपर्यंतची. आणि फोनमधे नवीन नंबर सेव्ह करताना वरती बारीक अक्षरात कुठे सेव्ह करू ते लिहिलेलं असतं, फोन, सिम की गूगल, ते कोणीच वाचत नाही आणि मग फोन बदलला की निम्मे नंबर गायब. 'ताई' चं मात्र दोघांनी बसून ठरवा, त्याला सेटिंग नाहीये.

प्रश्न: द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून रोज पानांचे फोटो, घडाचे व्हिडिओ काढून कन्सल्टंटला पाठवावे लागतात, जरा कुठे डाऊनीचा (बुरशीच्या रोगाचा) डाग दिसला की लगेच व्हिडिओ. आता एक्सपोर्टर म्हणतो रेसिड्यूचा (द्राक्षात उरलेल्या फवारणीच्या औषधाचा) रिपोर्ट मेल केलाय, माझ्याकडे मेल आलाच नाही, त्याच्याकडे म्हणे परत गेला. फोनमधे तर अजून ५० जीबी शिल्लक दाखवतंय. मोठं स्टोरेज विकत घ्यायचं तर घरचे म्हणतात सगळ्यांत वाटून घेऊ, पण मग माझे मेल आणि हिशोब पोरांना दिसणार का?
— शेतकरी, दिंडोरी तालुका

उत्तर: फोनची जागा वेगळी आणि अकाउंटची वेगळी. गूगलचं फुकटचं १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ च्या आधी थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशोबात धरत नव्हते, त्यानंतर चढवलेला प्रत्येक फोटो धरला जातो. व्हॉट्सॲपचा बॅकअपही अँड्रॉइडवर पूर्वी फुकट होता, आता तोही याच १५ मधे. ते भरलं की मेल ना जात ना येत, येणारा पाठवणाऱ्याकडे परत. म्हणजे पानावरच्या डागाच्या व्हिडिओने तुमचा रिपोर्ट अडवलाय.

आणि तो एक व्हिडिओ एकदा नाही जागा खात. कॅमेऱ्यातला मूळ फोटोजमधे चढतो, व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची छोटी कॉपी होते, ती व्हॉट्सॲपच्या बॅकअपमधे जाते, आणि व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंचं फोल्डर पण बॅकअपला लावलेलं असेल तर अजून एकदा. म्हणून पहिलं काम, व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधे 'इन्क्लूड व्हिडिओज' बंद करा आणि बॅकअप नव्याने होऊ द्या. फोटोजची क्वालिटी 'स्टोरेज सेव्हर' वर ठेवा, त्यात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तेवढा लहान होतो, व्हिडिओ १०८०पी (फुल एचडी) वर येतो, पानावरचा डाग दिसायला तेवढं पुष्कळ झालं. आधीच चढलेले फोटो लहान करायचं बटण कॉम्प्युटरवर फोटोजच्या सेटिंगमधे मिळेल, पण ते परत मोठे होत नाहीत, तेव्हा लग्नाबिग्नाचे असतील तर आधी हार्डडिस्कवर काढून घ्या. मग गूगलच्या स्टोरेज मॅनेजरमधे मोठ्या अटॅचमेंटचे मेल आणि ड्राइव्हमधल्या मोठ्या फाइली दिसतात, त्या उडवा आणि इथे मात्र तिन्हीकडचा ट्रॅश रिकामा करा, कारण ट्रॅशमधलंही मोजलं जातं. (वरच्या ताईंनी हे वाक्य वाचू नये.) जागा झाली की एक्सपोर्टरला मेल पुन्हा पाठवायला सांगा, परत गेलेला आपोआप येत नाही.

माझं प्रामाणिक मत, बागेसाठी वेगळं अकाउंट काढा. फवारणीच्या नोंदी, माती-पाण्याचे रिपोर्ट, अपेडाच्या ग्रेपनेटसाठी (निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी नोंदणीसाठी) लागणारे कागद, एक्सपोर्टरचे मेल, सातबाराची पीडीएफ, हे सगळं त्यात, आणि त्या अकाउंटला फोटोचा बॅकअप लावायचाच नाही. सीझनच्या ऐन गर्दीत मेल अडण्यापेक्षा हे बरं.

विकत घेतलेलं स्टोरेज घरात वाटता येतं, तुम्ही धरून सहा जणांत, पण घेण्याआधी त्या प्लॅनमधे फॅमिली शेअरिंग आहे का ते बघा, सगळ्यात स्वस्त प्लॅनमधे नसतं. वाटली जाते ती फक्त जागा. कोणाचा मेल कोणाला दिसत नाही, फोटो दिसत नाही. प्रत्येकाचं स्वतःचं १५ जीबी आधी वापरलं जातं आणि ते संपलं की मग सामायिक जागेला हात लागतो. पोरांनी गेमचे व्हिडिओ टाकून सगळं संपवलं तर मात्र भांडण होईल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न: मी आणि मुलगी, दोघांकडे आयफोन. ॲप दोनदा विकत घ्यायला नको म्हणून एकच ॲपल आयडी ठेवला. आता मला क्लायंटचा फोन आला की मुलीचा फोन कॉलेजात वाजतो.
— सीए, गंगापूर रोड

उत्तर: तुमच्या क्लायंटलाही हे आवडणार नाही. तात्पुरतं, सेटिंगमधे फोनच्या खाली 'कॉल्स ऑन अदर डिव्हायसेस' बंद करा, पण कॉल हिस्टरी, मेसेज, नंबर हे मिसळत राहणारच. ॲप वाचवायला आयडी एक ठेवायची गरजच नाही, फॅमिली शेअरिंगमधे सहा जणांपर्यंत वेगवेगळे आयडी ठेवून बरीचशी खरेदी वाटता येते आणि घेतलेली आयक्लाउडची जागाही.

मुलीला नवीन आयडी देताना एक सांभाळा. 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर तिच्या फोनमधे बहुतेक फोटोंची बारीक आवृत्ती असते, मूळ वरती क्लाउडमधे. तसंच साइन आउट केलं तर तिच्याकडे मूळ फोटो राहणार नाहीत. आधी तिचे मूळ फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, ते सगळे उघडतायत का बघा, मग साइन आउट. आयक्लाउडचं फुकटचं फक्त ५ जीबी असतं, त्यात तिचे सगळे फोटो मावतील ही आशा सोडा.

प्रश्न: सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. तिथला कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप, दोन्हीत एकच आयडी. धाकट्याने घरी बसून डेस्कटॉप साफ केला, तर इकडे वर्कशॉपमधे कोटेशनच्या सगळ्या फाइली गायब. आणि एका एक्सेलच्या आता दोन फाइली झाल्यात, एकीच्या नावापुढे लॅपटॉपचं नाव लागलंय, खरी कुठली?
— सातपूर

उत्तर: विंडोज सेटअप करताना 'पुढे, पुढे' दाबत गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, ताब्यात जाऊ शकतात. मग दोन कॉम्प्युटरचा डेस्कटॉप एकच होतो. फाइली वनड्राइव्हच्या वेबसाइटवर रिसायकल बिनमधे असतील, वैयक्तिक अकाउंटला ३० दिवस राहतात, आजच काढा.

दोन फाइलींचं कारण असं, वर्कशॉपमधे फाइल उघडी होती किंवा नेट गेलं होतं, आणि तेवढ्यात घरी तीच फाइल कोणीतरी बदलली. सिंकला कुठली ठेवावी कळेना, त्याने दोन्ही ठेवल्या. दोन्हीत काही काही खरं असणार, समोरासमोर उघडून रेट आणि जीएसटीच्या ओळी ताडून एक करा, तारीख नवीन म्हणून डोळे झाकून तीच ठेवू नका.

पुढचं: वनड्राइव्हच्या सेटिंगमधे 'मॅनेज बॅकअप' मधे जाऊन डेस्कटॉप बंद करा. बंद केल्यावर बऱ्याचदा डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तुमच्या फाइली कुठे आहेत सांगणारा एक शॉर्टकट तेवढा राहतो, घाबरू नका, फाइली वनड्राइव्हच्या फोल्डरमधे असतात, तिथून उचलून परत ठेवा. कोटेशनचं एकच फोल्डर दोन्हीकडे लागत असेल तर वर्कशॉपचा आयडी वेगळा काढून तेवढंच फोल्डर घरच्या आयडीला शेअर करा. आणि दर शनिवारी त्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह काढून ड्रॉवरमधे, मशीनला लावून ठेवायचा नाही. धाकट्याला लॅपटॉपवर स्वतःचा वेगळा युजर करून द्या, त्याच्या डेस्कटॉपवर तो काय ते साफ करेल.

प्रश्न: जुना फोन भाच्याला द्यायचाय. त्यातले फोटो डिलीट करून देऊ ना?
— नाशिकरोड

उत्तर: नका! अकाउंट चालू असताना फोटो डिलीट केले तर तुमच्या नव्या फोनमधूनही जातील. आधी बॅकअप पूर्ण झालाय हे बघा, व्हॉट्सॲप नव्या फोनवर आणा, मग जुन्या फोनच्या सेटिंगमधून गूगल अकाउंट काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. रीसेटने फोन रिकामा होतो, अकाउंटमधलं काही जात नाही. अकाउंट न काढता रीसेट केलं तर भाच्याला फोन सुरू करताना तुमचा पासवर्ड मागू शकतो, आणि तो तुम्हाला आठवत नसतो. अकाउंट काढायचं राहिलं हे फोन दिल्यावर आठवलं तरी गूगल अकाउंटमधे 'युअर डिव्हायसेस' मधून जुन्या फोनला साइन आउट करता येतं.