आकाश निरभ्र, बझर मात्र वाजतोय

वळीव सुरू झाला की घरी जुळवलेल्या वीज-सूचकाबद्दलची, म्हणजे आसपास आकाशातली वीज पडू लागली की बझर वाजवणाऱ्या यंत्राबद्दलची, पत्रे वाढतात. बहुतेकांनी विजेचे रेडिओ सिग्नल ओळखणाऱ्या ‘एएस३९३५’ या आयसीचे (चिपचे) तयार मॉड्यूल आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडलेले असते, म्हणून उत्तरे त्यालाच धरून देतो.

प्रश्न : कडक ऊन असतानाही बझर वाजतो. मॉड्यूल बदलू का?

आधी चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून पाहा. स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर यांचा गोंगाट ५०० किलोहर्ट्झच्या आसपासही पोचतो, आणि हा आयसी नेमके तिथेच ऐकतो. मग अँटेनाचे ट्यूनिंग तपासा. ५०० किलोहर्ट्झपासून साडेतीन टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. तो जुळवण्यासाठी आयसीच्या आतली कपॅसिटन्स ८ पिकोफॅरडच्या टप्प्यांनी १२० पर्यंत वाढवता येते. सोबतच्या ‘कॅलिब्रेटेड’ अशा चिठ्ठीवर विसंबू नका. मोजायचे साधन नसेल तर जवळच्या पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात दाखवा.

प्रश्न : गॅस लायटरच्या ठिणगीला ‘वीज’ दाखवत नाही. बिघडले का?

नाही. असल्या ठिणग्या बाजूला काढणे हेच त्याचे काम. वादळात घरातच, थोड्या अंतरावर, बॅटरीवरचा मीडियम वेव्ह रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि त्यातली कडकड व सूचकाचा इशारा जुळतो का, याचा पडताळा घ्या.

प्रश्न : पल्ला वाढवायला गच्चीवर लांब तार लावू का?

मुळीच नको. तीच तार वीज घरात आणेल.

प्रश्न : स्क्रीनवर १४ किमी दिसले, तर सोयाबीन झाकून घरी यायला किती मिनिटे मिळतात?

एकही नाही. दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी मला त्याची धास्ती वाटते. तो आकडा म्हणजे वादळाच्या पुढच्या कडेचा, सिग्नलच्या ताकदीवरून बांधलेला अंदाज आहे. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर पुढे, उघड्या आभाळाखालीही पडते. डोक्यावर नवा ढग तयार होत असेल, तर त्याची पहिली वीज हे यंत्र आधी सांगूच शकत नाही. सूचक लवकर निघण्यासाठी आहे. लोक त्याचा आधार घेऊन उशिरा निघतात! चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद म्हणजे साधारण १० किलोमीटर. तेवढी वाटही पाहू नका, गडगडाट कानावर आला की पक्के घर किंवा बंद चारचाकी गाठा. झाड नको, पत्र्याची उघडी शेड नको. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप देशभरातल्या सेन्सरच्या जाळ्यावर चालते. तेही फोनमध्ये असू द्या. कुणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात करंट उरत नाही. शेणा-मातीत पुरण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागा, आणि माणूस उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : मी पायाळू आहे. माझ्याजवळ यंत्र जास्त वाजेल का?

नाही. जन्मताना पाय आधी आले, याचा विजेशी काही संबंध नाही.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, सूचक सोडा, १०० मीटर त्रिज्येचे संरक्षण देणारा अरेस्टर (छपरावरचा वीजरोधक दांडा) घ्या.

दोघांची कामे वेगळी. आयएस/आयईसी ६२३०५ या वीज-संरक्षणाच्या मानकात संरक्षित क्षेत्र दांड्याच्या प्रत्यक्ष मापांवरूनच काढतात. वाढीव त्रिज्येला तिथे जागा नाही. या मानकानुसार आराखडा लेखी मागा आणि पैसे देण्याआधी तो परवानाधारक विद्युत ठेकेदाराला दाखवा. अर्थिंगही त्याच्याकडूनच मोजून घ्या, पावसाळ्याच्या आधी.