मानदुखीसाठी ट्रॅक्शन-आयएफटीची आणखी दहा सिटिंग घ्यावीत का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं मान दुखतेय, ट्रॅक्शन (मशीनने मान ताणणं) आणि आयएफटी (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह) यांची दहा सिटिंग झाली आणि आराम संध्याकाळपर्यंतच टिकतो. मग आणखी दहा घेऊ नका. आयएफटी, टेन्स (तसंच वीजप्रवाहाचं दुसरं मशीन), शेक यांनी दुखणं काही तास बोथट होतं, स्नायूंत ताकद येत नाही. त्या काही तासांत व्यायाम करून घेतला तरच मशीनचा उपयोग. "व्यायाम काय, घरीही होतो, त्याचे पैसे कसले?" हे ऐकलं की माझा जीव तुटतो. कारण नुसतं "हनुवटी आत घ्या" सांगून घरी पाठवलेला पेशंट तो व्यायाम हमखास चुकीचा करतो.

उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली टॉवेलची घडी. चेहरा छताला समांतर हवा. हळूच "हो" म्हणताना हलते तेवढीच हनुवटी खाली आणा. डोकं टॉवेलवरून उचलायचं नाही. 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. आता गळ्याला बोटं लावून बघा. कानामागून गळ्याच्या खळगीकडे तिरका उतरणारा स्नायू दोरीसारखा ताठला, तर आतल्या स्नायूंचं काम वरचे करताहेत. दात आवळले, श्वास कोंडला, तरी तेच. अशा वेळी जोर कमी करा, वाढवू नका. आमच्याकडे मानेखाली दाबाची पिशवी ठेवून ती 20 मिमी पाऱ्यापर्यंत फुगवतात आणि अशीच हनुवटी खाली आणून तो दाब दोन-दोनने 30 पर्यंत न्यायला लावतात. जुनी मानदुखी असलेले बरेच जण 22-24 वरच थरथरायला लागतात.

हे जमलं की खांद्यामागच्या स्नायूंसाठी रबरी पट्टा दाराच्या कडीला अडकवून मागे ओढा. 10 ते 12 वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. निदान सहा ते आठ आठवडे द्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर फेऱ्या निम्म्या करा, बंद करू नका. कॉलर मात्र काढून ठेवा, ती घालून स्नायू आणखी ढिले पडतात.

ट्रॅक्शन अगदीच वाया नाही. हातात कळ उतरत असेल तर काहींना त्याने बरं वाटतं. पण शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातोय, लघवीवर ताबा नाही, असं काही असेल तर व्यायाम-ट्रॅक्शन सगळं थांबवून लगेच मणक्याच्या डॉक्टरांकडे जा.

आणि पुढच्या वेळी फिजिओला विचारा: पहिल्या दिवशी मी किती सेकंद धरलं होतं, आज किती? ही नोंदच नसेल, तर दहा सिटिंगांत मोजलं काय?