अण्णांची कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू का?

"कोलेस्टेरॉलच्या गोळीनं मेंदू सुकतो म्हणे, खरं काय?" बेळगावात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरांतून हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीतले मुलगे, लेकी, सुना. गोळी घेणारे सत्तरीतले आई-वडील. आणि सोबत व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर: मेंदू चरबीचाच बनलेला असतो, कोलेस्टेरॉल उतरवलं की स्मृतिभ्रंश आलाच समजा. एका घराची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अण्णा खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. वय 74, माळकरी. हृदयात स्टेंट बसल्यापासून ॲटोरव्हास्टॅटिन चालू, म्हणजे स्टॅटिन प्रकारातली कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. बायको गेल्यावर वडगावात लेकीकडे राहायला आले. लेक माझ्याकडे पहिल्यांदा एकटीच आली. पिशवीतून तिनं कुंद्याचा लहानसा डबा काढून टेबलावर ठेवला. आत पांढऱ्या गोळ्या. रोज रात्री पाकिटातली गोळी सोडवायची आणि अण्णांना देण्याऐवजी डब्यात टाकायची. म्हणजे पुण्याच्या भावानं व्हिडिओ कॉलवर पाकीट दाखवायला सांगितलं तर ते रिकामं दिसावं. दोन महिने हे चाललं होतं.

"अण्णा विसरालेत मॅडम. चहा पिऊन कप खाली ठेवला की परत चहा मागतात. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं म्हणून वाचलं मी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार? म्हणून बंद करून टाकली बघा."

गंमत म्हणजे तो मजकूर घरच्या ग्रुपवर टाकला होता भावानंच, स्वतः न वाचता.

विज्ञान नंतर. स्टेंट बसलेल्या माणसाची ही गोळी परस्पर बंद झाली की हृदयाचा झटका येण्याचा धोका वाढतो. तिला तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. बोलली तीच, मी फक्त शेजारी बसले. डॉक्टर रागावले नाहीत. त्याच रात्रीपासून गोळी सुरू करा आणि चार दिवसांत दाखवायला आणा, म्हणाले.

मग तिच्या प्रश्नाकडे वळलो. अशा मजकुरात निम्मं खरं असतं, म्हणूनच तो पसरतो. सगळंच खोटं म्हणून उडवून लावलं की समोरचं माणूस आपलंही ऐकेनासं होतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण शरीरातलं 20 ते 25 टक्के कोलेस्टेरॉल तिथं असतं. त्यातलं बहुतेक मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणात. ते आवरण नीट असेल तरच संदेश झपाट्यानं पोचतात. तेव्हा मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, हे खरंच आहे.

चुकतं ते पुढं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची घट्ट भिंत असते. रक्ततपासणीत ज्याचा आकडा येतो ते एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ही भिंत ओलांडून आत जात नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच तयार करतो. मोठ्या वयात हे काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी करतात. तयार झालेलं कोलेस्टेरॉल एपीओई नावाच्या प्रथिनावर लादून त्या चेतापेशींकडे पाठवतात. जास्तीचं झालं तर त्याचं रूप थोडं बदलून ते रक्तात सोडलं जातं. ही उलाढाल इतकी संथ असते की मेंदूतला साठा बदलायला काही वर्षं जातात.

"तुमची म्हण बरोबर आहे," मी तिला म्हटलं, "पण मेंदूचा आड त्याच्या स्वतःच्या परसात आहे. पोहरा म्हणजे ते एपीओई. अण्णांची गोळी काम करते ती बाहेरच्या आडावर."

आता हेही सांगायला हवं, की काही स्टॅटिन थोड्या प्रमाणात मेंदूत शिरतात आणि क्वचित कुणाला डोकं जड, धुरकट झाल्यासारखं वाटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2012 साली गोळ्यांच्या माहितीपत्रकात तशी नोंद घालायला लावली. हा त्रास सहसा सौम्य असतो आणि गोळी थांबवली की जातो. अशा वेळी डॉक्टर मात्रा किंवा गोळी बदलून देतात. दुसरीकडे 70 ते 82 वयाच्या 5,804 लोकांवर प्रॉस्पर नावाची मोठी चाचणी झाली होती. स्टॅटिन घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, यांच्या स्मरणशक्तीत तीन वर्षांनंतरही फरक दिसला नाही. अण्णांची गोळी तर दोन महिने बंदच होती. विसरणं कमी झालं का? "नाही," ती म्हणाली, "उलट वाढलंयच."

तारखा विचारल्या तर घरची माणसं गोंधळतात, म्हणून मी सणवार विचारते. कोणत्या गणपतीला? दिवाळीच्या आधी की नंतर? तिला आठवलं ते गावच्या लक्ष्मीच्या यात्रेचं. पाहुण्यांनी घर भरलेलं, आणि अण्णांनी आपल्याच व्याह्यांना तासाभरात तीनदा विचारलं, "आपण कधी आलात?" तेव्हा सगळे हसले होते. स्टेंट बसला त्यानंतरच्या वर्षी. म्हणजे विसरणं आधीचं, गोळी नंतरची. हे तिचं तिनंच बोटांवर मोजलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पुढच्या खेपेला अण्णांना घेऊन आली. धोतर, टोपी, वागणं अगदी अदबीचं. आधी एका दवाखान्यात त्यांची प्राथमिक चाचणी झाली होती आणि गुण फारच कमी पडले होते. चौकशी केली तेव्हा कळलं, प्रश्न कन्नडमधून विचारले होते. "इवत्तु याव वार?" म्हणजे आज कोणता वार, यावर अण्णा नुसते बघत राहिले. जुजबी कन्नड त्यांना येतं, पण कानही कमी झालेत. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून मराठीत विचारलं. वार बरोबर सांगितला, महिना चुकला. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर धडाधड उत्तरं आली, वर पावकी-दिडकी म्हणून दाखवू का, असंही विचारलं. पाच मिनिटांनी मी आधी सांगितलेले तीन शब्द विचारले. एकही आठवला नाही. सीमाभागात राहणाऱ्यांनी एवढं मात्र करावंच: वडीलधाऱ्यांची ही चाचणी त्यांच्या बोलण्यातल्या भाषेत घ्या म्हणून सांगायला लाजू नका, आणि आधी कान तपासून घ्या.

मेंदूविकारतज्ज्ञांनी थायरॉइड, बी-12 आणि एमआरआय करायला सांगितलं. बी-12 बरंच कमी निघालं. शाकाहार, त्यात वर्षानुवर्षं चालू असलेली गॅसची गोळी. इंजेक्शनं झाली, कानाला यंत्र बसलं आणि अण्णा पुष्कळ हुशारले, शेजाऱ्यांशी बोलू लागले. विसरणं मात्र राहिलं. निदान झालं अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्याचं. बी-12 वर भागेल अशी आशा लेकीच्या मनात घर करून होती, त्यामुळे ते ऐकणं तिला जड गेलं. त्या दिवशी आम्ही कोलेस्टेरॉलचा विषय काढलाच नाही. तिला रडायचं होतं.

महिन्याभरानं ती परत आली ती स्वतःसाठी. "हे मलापण होणार काय? त्याची रक्ततपासणी असतेय म्हणे."

तपासणी असते, आणि ती पोहऱ्याचीच असते. एपीओईचं जनुक तीन तऱ्हांचं: ई-2, ई-3 आणि ई-4. आईकडून एक, बापाकडून एक. ई-4 असलेल्यांना अल्झायमरचा धोका जास्त, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 साली दाखवलं. का, ते अजून उलगडतंय. एमआयटीच्या संशोधकांना 2022 मध्ये असं दिसलं की ई-4 असेल तर मायलिन बनवणाऱ्या पेशींच्या आतच कोलेस्टेरॉल नको तिथं साचून राहतं आणि आवरण पातळ पडतं. म्हणजे माल आहे, पण तो जागेवर पोचत नाही. ज्यांचं नाव या आजाराला मिळालं त्या खुद्द डॉ. अल्झायमर यांनीही शतकापूर्वी रुग्णाच्या मेंदूपेशींत चरबी साठल्याचं नोंदवलं होतं. तिकडे पुढं बराच काळ फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

पण ई-4 म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. एक ई-4 असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. हे आकडेही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांमधले. ई-4 असून आयुष्यभर धडधाकट राहणारे कितीतरी, आणि नसून आजारी पडणारेही. मी तिला विचारलं, अहवाल हातात आला तर उद्या वेगळं काय करणार? तिनं विचार केला. "झोप जाईल तेवढी." तपासणीचा विषय तिनंच मिटवला. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

तिच्या हातात होतं ते वेगळंच. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानं स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. त्यांत मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल नव्यानं घातलं. ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह हे आधीपासूनच यादीत होते. ती गोंधळली. "पण ते मेंदूत जात नाही म्हणालात ना?" जात नाही, पण मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या तर बाहेरच्याच आहेत. त्या अरुंद झाल्या की मेंदूला लहानसहान झटके बसतात, कधी कळतात, कधी कळतही नाहीत.

तिचं वय 46, आणि तिनं आजवर कधी कोलेस्टेरॉल तपासलं नव्हतं. एलडीएल निघालं 168, म्हणजे जास्तच. डॉक्टरांनी तीन महिने चालणं, खाणं सांभाळून पुन्हा बघू म्हटलंय. तोवर रोज संध्याकाळी अण्णांना घेऊन ती गल्लीतून मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते.