प्रभूच्या मेजाकडे पाठ फिरवू नकोस

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. उन्हाळी शिबिरात शेवटच्या रात्री उभं राहून आपल्या विश्वासाची साक्ष दिलीस, रडलीस, सगळं बदललं असं वाटलं. आणि दिवाळी येईपर्यंत तीच चिडचिड, भावाशी तोच अबोला, पवित्र शास्त्र उघडलं की जांभया. ‘माझं तारण खरं होतं का?’ असं विचारतेस. पण मला त्याहून टोचलं ते शेवटी घाईघाईत लिहिलेलं वाक्य: हल्ली प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत आपण भाकर आणि प्याला घेतो त्या रविवारी तू घरीच थांबतेस. त्याकडे मी येतेच.

ती रात्र खोटी नव्हती. पण आपल्या मंडळ्यांत साक्षीची एक ठरीव तऱ्हा पडून गेली आहे. मी असा होतो, अमक्या दिवशी प्रभू भेटला, तेव्हापासून सगळं छान. त्या दिवसानंतरचं कुणी सांगत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघ. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांनीच लिहून ठेवलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो उलगडा व्हायला सात-आठ वर्षं गेली. आणि त्या मधल्या काळातच, १८८९ मध्ये, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं! मनाला खात्री वाटायच्या आधीच देव त्यांच्या हातून विधवा मुलींना आसरा देत होता. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या आत्मिक जागृतीबद्दल आपण भरभरून बोलतो. त्यानंतर बाई वर्षानुवर्षं हिब्रू आणि ग्रीक घेऊन शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या, मुक्तीतल्या बायका छापखान्यात खिळे जुळवत राहिल्या, त्याची साक्ष कुणी देत नाही. मला विचारशील तर कृपा तिथेही तेवढीच होती.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर तुला ठाऊकच असेल. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षं काही काळ नवऱ्यापासून दूर, मग जवळ येऊनही आपलं सोवळं सांभाळून. ते सोवळं एका झटक्यात गळून पडलं नाही. विचार करत, भांडत, हसत त्यांनी ते सोडलं. अशा बाईला देवाने घाई केली नाही. तुलाच का करेल?

मार्कच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातला बेथसैदाचा आंधळा आठव. येशूने हात ठेवले आणि विचारलं, काही दिसतं का? तो म्हणाला, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. येशूने पुन्हा हात ठेवले, तेव्हा कुठे त्याला स्वच्छ दिसू लागलं. मला त्या माणसाचा खरेपणा फार आवडतो. शिबिरात असता तर कदाचित ‘सगळं स्पष्ट दिसतं, हालेलुया’ म्हणून मोकळा झाला असता. आपल्याला अर्धवट दिसतं हे त्याने सांगितलं, म्हणून येशू त्याच्यावर रागावला नाही. तुझं पत्र मला तसंच वाटतं.

आणि हो, शिष्यांतला पुढारी पेत्र. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्मा मिळालेला, यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जाऊन आलेला. तरी अंत्युखियात यरुशलेमची माणसं आल्यावर तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून मागे सरला, आणि पौलाला त्याला तोंडावर बोलावं लागलं. त्यामुळे त्याचं आधीचं सगळं खोटं ठरलं नाही.

आता तू म्हणशील, मग हातावर हात ठेवून बसू? नाही. पौल फिलिप्पैकरांना सांगतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढे म्हणतो, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. सकाळची दहा मिनिटं सोडू नकोस. जांभया आल्या तर मोठ्याने वाच. एखादं स्तोत्र पुरे. शिबिरातला वाचनाचा तक्ता बाजूला ठेव, तो एवढा लांबलचक कुणी केला कोण जाणे.

आता प्रभुभोजनाचं. ‘मी अयोग्य आहे’ म्हणून तू जात नाहीस. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय मनात असणार. तो सबंध वाच. तिथे खाऊन-पिऊन सुखी असलेले आधीच जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते, त्या अपमानाला पौल अयोग्य रीतीने खाणं म्हणतो. आणि पुढे तो काय सांगतो? माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून घरी बसावं असं नाही म्हणत तो. आजारी माणसाने बरं होईपर्यंत दवाखान्यात जायचं नाही, असलं हे तुझं गणित आहे.

भावाचा अबोला मात्र त्या परीक्षेतच येतो. त्याला फोन कर. ‘तुझं चुकलं’ने सुरुवात करू नकोस, आईची तब्येत, त्याची नोकरी, काहीही विचार. तो तुटक बोलला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा कर.

पहिल्या रविवारी उपासनेला ये. मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल. मी नेहमीसारखी डावीकडे, पंख्याखाली असेन. नंतर घरी जेवायलाच चल. भावाशी काय बोलणं झालं ते तेव्हा सांग.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी